सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

चामराजपेटेतल्या भाजीवाल्याला सोयराबाई लांबून येताना दिसल्या की तो आधीच हात जोडतो. वांगं उलटं करून बघायचं, देठ दाबायचा, पुन्हा ठेवायचं, ही बाईंची खोड. लागणार नाही तर काय! एकतीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात तपासणी केली त्यांनी. एक्स्चेंजला वीज पुरवणारे डबे तिथं बनायचे आणि तयार झालेला डबा बाईंच्या टेबलावरून जायचा. पास झाला की आतल्या बाजूला हिरव्या शाईचा गोल शिक्का बसायचा, ४७. मग झाकण, चार स्क्रू, संपलं. तो शिक्का पुढं कुणाच्या नजरेला पडला नाही. निवृत्तीच्या दिवशी शिक्क्याचा ठोकळा परत जमा करायचा होता. बाईंनी स्वच्छ पुसून, कागदात गुंडाळून दिला आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

त्याला आता सात वर्षं झाली. बाई धाकटा भाऊ विठोजी याच्याकडे राहतात. त्याची मुलगी रक्षिता कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये आहे. गेम खेळायची टीम असते हेच बाईंना पटायला महिना लागला. पण पोरगी जीव तोडून खेळायची, आणि गेल्या सामन्यात तिचा जुना लॅपटॉप ऐन वेळी गोठला आणि टीम हरली. कॅप्टन आश्लेषानं तोंडावर सांगितलं, रविवारच्या सामन्याला धड मशीन आण, नाहीतर तुझ्या जागी दुसरी. रक्षितानं दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, बरोबर एका कॉम्प्युटरपुरते. एक जरी भाग चुकीचा निघाला असता तरी दुसऱ्यांदा घ्यायची सोय नव्हती.

विठोजीनं एकच अट घातली, "आत्याला बरोबर ने."

ऑटोत बसल्या बसल्या रक्षिता म्हणाली, "आत्या, तिथं काही बोलू नकोस हं. सगळं मी ठरवलंय."

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. हा शब्द एस. पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या पायरीपर्यंत टिकला.

दुकानदार सुधींद्रनं काउंटरवर प्रोसेसर ठेवला आणि बाई ओरडल्याच, "अगंबाई, याचे पाय कुठं गेले?" त्यांच्या काळात चिपला पाय असायचे.

"पाय आता बोर्डाला असतात, आत्या," रक्षिता दात आवळून पुटपुटली. सुधींद्र गालातल्या गालात हसला. बाईंनी चष्मा चढवला, बोर्डावरचा तो बारीक तारांचा चौकोन वाकून बघितला आणि मान डोलावली. "सरी, ठीक आहे. चांगली सोय केलीय."

मग मात्र त्या खरंच गप्प राहिल्या, कारण पोरगी बघण्यासारखी होती. सुधींद्र झगमगता बोर्ड पुढं करायचा, ही म्हणायची, "दिव्यांनी गेम पळत नाही, अण्णा. साधा द्या." त्यानं मेमरीची एक मोठी पट्टी काढली, हिनं त्याऐवजी दोन लहान मागितल्या, दोन्ही मिळून जास्त वेग देतात म्हणून. तीन महिने वहीत खल करून आली होती ती. वाचवलेला पैसा न् पैसा ग्राफिक्स कार्डासाठी, कारण गेमचा सगळा भार त्याच्यावर. बाईंच्या मनात आलं, ही तर आपल्याच टेबलावरची! आणि त्यांचा ऊर असा भरून आला की पदर सारखा करायचं निमित्त करावं लागलं.

वीजपुरवठ्याचा डबा मात्र सुधींद्रनं स्वस्तातला काढला. "हा नको," बाईंच्या तोंडून निघून गेलंच. "हा मेला तर एकटा मरायचा नाही, सगळ्यांना घेऊन जाईल."

"माझ्या यादीत चांगलाच लिहिलाय, आत्या," रक्षिता म्हणाली. तिला हसू आलं होतं.

कॅबिनेटची एक बाजू काचेची होती. "आतलं कुणाला दाखवायचंय?" बाई कुरकुरल्या. पण स्वस्तात तेच होतं, म्हणून तेच घेतलं.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेलं घ्यायचं ठरलं होतं. सुधींद्रनं पाच मिनिटं गेम चालवून दाखवला. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. भिंतीवर पाटी होती, वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. शेजारी होसकोट्याहून आलेला एक गृहस्थ त्याच कार्डाकडं डोळे लावून उभा होता. रक्षितानं पैसे द्यायला फोन काढला.

"एक तास चालव," बाई म्हणाल्या.

"अम्मा, पाच मिनिटं पुरतात."

"थंड असताना सगळेच शहाणे असतात. आमच्याकडं डबा तासभर तापवल्याशिवाय शिक्का पडत नव्हता. आम्ही बायका त्याला भाजणी म्हणायचो. भाजणी झाल्याशिवाय पैसे नाहीत."

"आत्या, प्लीज! ते घेऊन जातील ना कार्ड!" रक्षिताचा चेहरा लाल झाला.

"जाऊ दे."

सुधींद्रनं थोडा विचार केला, खांदे उडवले आणि गेम जोरात चालू ठेवला. बाई स्टूल ओढून ठाण मांडून बसल्या. वीस मिनिटं झाली, काही नाही. चाळीस झाली, चित्र तसंच लोण्यासारखं. रक्षिता पाठ करून उभी राहिली. होसकोट्याचा गृहस्थ दर मिनिटाला घड्याळ बघत होता. बाईंना वाटलं, आपण म्हातारपणी पोरीचं वाटोळं तर करत नाही ना? कुणी विचारलंय आता आपल्याला? शिक्का तर कधीच जमा केला. तरी त्या उठल्या नाहीत.

बावन्नाव्या मिनिटाला पडद्यावर हिरवेजांभळे चौकोन उमटले. मग पडदा काळा झाला आणि पंखे घरघरत राहिले.

सुधींद्रनं दोनदा चालू करून बघितलं, शेवटी कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि हात जोडले. "खरंच माहीत नव्हतं, अम्मा. माझ्याच गळ्यात मारलंय कुणीतरी." त्यानं आतून दुसरं कार्ड आणलं आणि न सांगता घड्याळ लावलं. होसकोट्याच्या गृहस्थानं कपाळावरचा घाम पुसला. "अक्का, माझंही होईपर्यंत बसाल का?"

बाई बसल्या. रक्षितानं समोरून दोन कॉफ्या आणल्या, एक आत्याच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी जमिनीवरच बसली. दुसरं कार्ड तासभर हूं की चूं न करता चाललं.

रविवारी सकाळी सामना झाला. मशीन एकदाही अडलं नाही. टीम जिंकली आणि दुपारी सगळ्या पोरी घरी येऊन थडकल्या. सोयराबाई चिरोटी घेऊन खोलीत आल्या तेव्हा आश्लेषा कॉम्प्युटरसमोर वाकून काचेतून आत बघत होती. वीजपुरवठ्याच्या डब्यावर, सगळ्यांना दिसेल असा, हिरव्या शाईनं गोल काढला होता आणि गोलात आकडा होता, ४७. घरात नवीन कुणी आलं तरी प्रथम तोच दिसला असता.

बाईंनी ताट खाली ठेवलं आणि चष्मा चढवला.

"हे काय गं? सत्तेचाळीस कोण?" आश्लेषानं विचारलं.

रक्षितानं मागं न बघताच बोट दाखवलं. "ही. माझी आत्या."