सुट्टीपुरत्या गोळ्या

वाईच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली, तेव्हा आक्का, तुम्ही माझी पिशवी वर चढवून दिलीत. थोरली जाऊ म्हणून पोचवायला आला होतात. दोन पोरं माझ्या अंगावर, तिसरं पोटात. गाडी हलताना म्हणालात, "आजून बी इचार कर सुमन. दोन-चार दिसाचं काम हाय." मी खिडकी ओढून घेतली. लय राग आला होता मला.

आपल्या गावात घरटी एक फौजी. नवरा सुट्टीवर येणार तेवढ्यापुरत्याच गोळ्या खायच्या, हा बायकांचा रिवाज. रजा मंजूर झाल्याचा फोन आला की पाकीट आणायचं, तो दारात उतरला की सुरू, ट्रंक उचलून गेला की बंद. तुम्हीच शिकवलंत मला, "माणूसच न्हाई घरात, तर गोळी कशाला खायाची?" पटलं की मला! पाळीच्या ठरल्या दिवसापासून रोज घ्यायची, मध्ये सोडायची नाही, हे दवाखान्याच्या आशाताईंनी सांगितलंही असेल. पण आम्ही ऐकतोय कुठं? हे लेहला परत गेले आणि महिन्याभरात मला उलट्या सुरू झाल्या.

तुमच्याकडं तोडगा तयार होता. ज्या डब्यात गोळ्यांची पाकिटं, त्याच्याच तळाला मेडिकलमधून आणलेलं पोट पाडायचं किट. ते तुम्ही माझ्या हातात ठेवलंत, तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की आम्ही गोळ्या एवढ्या बेफिकिरीनं का खात होतो. चुकली तर चुकली, खाली दुसरी पुडी आहेच.

यांना फोन केला. म्हणाले, "वहिनी म्हणत्यात तसं कर, न्हाईतर तुला पटंल तसं." म्हणजे काहीच नाही! घरात तर रोज तोच पाढा. एक मुलगा, एक मुलगी, झालं की आता, लोक हसतील. पण मला काही ते पटेना. गोळी मी चुकवली होती. त्या जिवाची त्यात काय चूक? आई म्हणायची, "आलेल्याला माघारी धाडू नये." ती पाहुण्यांबद्दल म्हणायची, पण तेव्हा मला दुसरं काही आठवेना. तिच्याच ओळखीनं सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्या मिळाल्या.

आता बारा वर्षं होतील. तेव्हा मी वर मान करून बोलत नव्हते, आता कॉलेजच्या पन्नास मुलींचे डबे करते आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेते. मुली धीट आहेत, काकू काकू करत नको ते विचारतात. मला वाटायचं, शिकलेल्यांचं वेगळं असेल. कसलं काय! तीच बेफिकिरी, फक्त इंग्लिशमध्ये. लोक म्हणतात, गोळ्या आल्या की पोट पाडणं कमी होतं. होतही असेल, राहिलंच नाही तर पाडणार काय? म्हणून मी गोळीला नावं ठेवत नाही. आई ठेवायची. ती म्हणायची, एकदा 'नको'ची सवय लागली की आलेल्यालाही 'नको'च म्हणवतं. तेव्हा मी हसले होते. माझंही तसंच होता होता राहिलं, म्हणून आता हसवत नाही. मुलींना सांगते, घ्यायची तर नीट समजून घ्या, पण जीव राहिला तर तो काही तुमच्या गोळीची चूक नव्हे, तो जीवच आहे. काही ऐकतात, काही डबा घेऊन जातात.

गेल्या महिन्यात डोळे दाखवायला तुम्ही सांगलीला आलात. माझ्या धाकट्या रेवतीनं पाणी दिलं. "कितवीत गं?" विचारलंत. सहावीत, म्हणाली. ती आत गेल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावलात. "माजं बी यवढंच आसतं. तुझ्या आदी म्हैनाभर म्या ती खालची पुडी घेतली हुती. तू बी घेतली आसतीस, तर मला एकटं वाटलं नसतं."

आवं आक्का, बारा वर्षं मी पाठ करून ठेवलं होतं, भेटलात की काय काय सुनवायचं. ते सगळं बाजूला ठेवून मी तुमच्याजवळ बसले. माझं पोर वाचलं म्हणून मी तुम्हाला वाईट ठरवून मोकळी झाले, आणि तुम्ही त्या घरात एकट्याच ते दुःख पोटात घेऊन भाकऱ्या थापत राहिलात. एकदाही विचारलं नाही मी.

गावाकडचं घर मला आता माझं वाटत नाही, खोटं कशाला बोलू? पण जे तिथं तुम्हाला कधी बोलता आलं नाही, ते इथं माझ्या चुलीपाशी बोललात. तेव्हापासून या दोन खोल्यांना मी घर म्हणते. पुन्हा या, चार दिवस काढून या. रेवतीला मी काही सांगितलेलं नाही. ती एवढंच विचारते, निघताना थोरल्या आई माझा हात का सोडत नव्हत्या.