बाबांनी चप्पल गेटातच काढली

मंडळी, आज बाबांना गावाहून, केशोरीहून मुद्दाम बोलावलं. घर घ्यायचं आहे, पण गोंदियात ऑफिसजवळ फ्लॅट घ्यावा की अर्ध्या तासावर गोरेगावात प्लॉट, हे माझं ठरतच नव्हतं.

आधी फ्लॅट पाहिला. बिल्डिंगच्या गेटातच बाबांनी चप्पल काढली आणि अनवाणी जिना चढू लागले.

दलाल हसला. "अंकल, घर तो तीसरे माले पे है!"

"आंगण आलं ना बापू," बाबा म्हणाले. "घर तं इथूनच सुरू होते."

आठ वर्षं भाड्याच्या खोलीत राहून राहिलो, माझी चप्पल दाराआड कपाटात असते.

मग गोरेगाव. पार सालपर्यंत इथं धानाची बांधी, भाताचं शेत होतं, आता चार कोपऱ्यांत चार दगड. बाबा मधोमध जाऊन उभे राहिले, चप्पल घालूनच.

"इथं काऊन नाही काढली?" मी विचारलं.

"आंगण कुठं करशील ते सांग, मंग काढतो."

बाबांना बसमध्ये बसवून आलो. आता कागदावर घर काढून राहिलो. खोल्या कशाही बसतात हो. पण आंगण काढलं, की पेन्सिल तिथून हलतच नाही.

तुमच्याकडे पाहुणे चप्पल कुठं काढतात?