गल्लीचा फोन आणि ओसाकाचं पत्र

स्वारगेटहून सकाळी साडेसहाची एसटी पकडली तेव्हा माझ्याजवळ सामान थोडं आणि आत्मविश्वास भरपूर होता. संगणकाचा सहा आठवड्यांचा वर्ग नुकताच पुरा केला होता. शिवाय भूगोल शिकवण्यात उभी नोकरी गेल्यामुळे कुणाला काही समजावून द्यायची संधी मी सहसा सोडत नाही. निघाले होते माहेरी, उंब्रजला, धाकट्या भावाच्या घरी इंटरनेट कुठलं घ्यायचं ते ठरवायला.

इंटरनेट हवं होतं ते भावजयीला. युको जपानची. विलास शेतीच्या अवजारांचं शिक्षण घ्यायला वर्षभर ओसाकाला होता, तिथं ओळख झाली, लग्न झालं आणि दीड वर्षापूर्वी ती उंब्रजला राहायला आली. तिची आई तिकडे एकटी. आईला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. युको दर बुधवारी कऱ्हाडला जाऊन फॅक्स पाठवी आणि मागच्या आठवड्याचं उत्तर घेऊन येई. पावसाळ्यात आई स्वयंपाकघरात घसरून पडली. ते युकोला कळलं सहा दिवसांनी. त्यानंतर तिनं विलासला शांतपणे सांगितलं, रोजची खबर मिळायची सोय झाली नाही तर दिवाळीनंतर ती आईकडे जाऊन राहील. परत कधी येईल ते सांगता येणार नाही. विलास नोकरीला असलेला साखर कारखाना सुरू व्हायच्या बेतात होता, त्याला हलता येईना. म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर मी ती आनंदानं पडू दिली.

खंबाटकीचा घाट उतरला की माझं माहेर सुरू होतं, असं मी मानते. ऑक्टोबरचं ऊन चटकत होतं, पण दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर आला होता आणि विहिरींना पाणी होतं. अकराच्या सुमाराला उंब्रजच्या फाट्यावर उतरले. घराच्या पायरीवर पाय ठेवते तोच युको आतून धावत आली आणि मला ओलांडून गल्लीत गेली.

"आवं जाधवमामी, फोन आलाय. धारवाडची लेक हाय तुमची."

मग मागे वळून तिनं मला वाकून नमस्कार केला. "वन्सं, या. च्या ठिवते."

युको मराठी शिकली ती गल्लीकडून, त्यामुळे तिच्या तोंडी पुस्तकी शब्द एकही नाही. आणि तिचं ते धावणं रोजचंच होतं. गल्लीत फोन फक्त आमच्या घरी. बाकी सगळ्यांनी पाहुण्यारावळ्यांना आमचाच आकडा पी.पी. नंबर (शेजारच्या घरचा, पण आपला म्हणून दिलेला) म्हणून देऊन ठेवलेला. समोरच्या शिंदेकाकू तर दिवसातला निम्मा वेळ आमच्या सोप्यात तांदूळ नाहीतर शेंगा निवडत बसत. त्यांचा अनिल फौजेत, लांब सरहद्दीवर. तिथं रांगेत उभं राहून नंबर लागला की फोन करायचा, म्हणजे वेळेचा नेम नाही.

दुपारी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) होतं. युको वाटी तोंडाला लावून पीत होती. "आईबी असलंच करते," ती म्हणाली, "निस्ता वास येगळा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साताऱ्याला गेलो. टेलिफोन कचेरीतले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सांगितलं, इंटरनेटचं खातं दोन प्रकारचं मिळतं. एक नुसत्या अक्षरांचं, दुसरं चित्रांसकट. पहिलं पुष्कळच स्वस्त.

"आम्हाला फक्त पत्रं वाचायचीत," मी तात्काळ म्हणाले. "चित्रं काय करायचीत? अक्षरांचं द्या."

मी युकोला अक्षरांच्या खात्याचे फायदे समजावले, कचेरीतल्या गृहस्थांनाही थोडे समजावले, अर्ज स्वच्छ अक्षरात भरला. पैसे रोख चालत नव्हते, बँकेचा ड्राफ्ट आणा म्हणाले. म्हणून अर्ज पर्समध्ये ठेवला, पोवई नाक्यावर कंदी पेढे घेतले आणि एक काम तरी मार्गी लागलं अशा समाधानात परतीच्या गाडीत बसले.

नागठाणं मागे पडल्यावर युको हळूच म्हणाली, "वन्सं, त्या खात्यात इंग्रजी अक्षरं दिसत्यात. आईला इंग्रजी येत न्हाई. ती जपानी लिवते. ते त्यात उमटनार न्हाई."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"तुमी लय जोरात बोलत हुता."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. अर्ज खिडकीतून टाकावासा वाटला, पण मी तो पेढ्यांच्या खोक्याखाली दडपला.

तिसऱ्या दिवशी सांगली. कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा करत गाडी पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. रिक्षा मार्केट यार्डात शिरली आणि हळदीचा वास नाकात बसला तो संध्याकाळपर्यंत. विलासनं पत्ता दिला होता चौगुलेअण्णांचा. अण्णा पिढीजात हळदीचे व्यापारी. आता पेढीच्या पुढच्या खोलीत संगणक आणि इंटरनेटची खाती विकत, मागच्या खोलीत हळदीची पोती. संगणकाच्या बटणांवरही पिवळी झाक होती.

या वेळी मी तोंडाला कुलूप लावून बसले. अण्णांनीही मला काही विचारलं नाही, थेट युकोला विचारलं, "वैनी, पत्र कुठल्या भाषेत येनार?"

तिनं ओसाकाहून आणलेला मांडीवरचा संगणक पिशवीतून काढला. अण्णांनी आपल्या फोनची तार त्याला जोडली. आतून किरकिर, शिट्ट्या, खरखर असे आवाज आले आणि थांबले. पडद्यावर जपानी अक्षरं हळूहळू उमटायला लागली.

युकोच्या ओसाकातल्या जुन्या ई-मेल पत्त्यावर अकरा पत्रं येऊन पडली होती. शेजारणीच्या मदतीनं आईनं तिकडे संगणक घेतला होता आणि इकडे उघडायची सोय नाही हे माहीत असून ती रोज एक पत्र लिहीत होती. युको एकेक वाचत गेली. चौथ्या पत्राला हसली, सातव्याला पदर डोळ्यांना लावला. अण्णा उठून उगाचच पोती बघायला आत गेले. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खातं ठरलं, चित्रांसकटचं. कोणता आकडा फिरवला की कॉलचे पैसे गावातल्या दरानंच लागतात, तेही अण्णांनी लिहून दिलं. मग म्हणाले, "एक इचारतो. फोन घरचाच हाय, का गल्लीचा?"

"गल्लीचा," युको म्हणाली.

"मग बगा बरं का. ह्ये चालू असलं की फोन बंद. बाहेरचा कुनाचाबी लागायचा न्हाई. माज्याकडनं नेलेली दोन खाती परत आली, शेजारी भांडाय लागले म्हनून."

युकोनं संगणक मिटला. "मग नको. शिंदेकाकूंच्या अनिलचा फोन त्याच येळंला आला तर?"

दुसरी लाइन घेऊ, असं मी म्हणून पाहिलं. पण फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणारे लोक आम्ही तिघंही ओळखत होतो. शेवटी अण्णांनीच खात्याच्या कागदांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं. "घिऊन जावा. गल्लीला इचारा. न्हाई म्हनले तर आनून द्या, मी परत घीन." वर भडंगाचा पुडाही दिला. गाडीत तो कुणी फोडला नाही.

उंब्रजला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मी गल्लीतल्या बायकांना गोळा करून नीट समजावून सांगायच्या विचारात होते. युको मात्र एकटीच शिंदेकाकूंच्या दारात गेली. मी मागे उभी राहिले. तिनं सगळं सांगितलं.

"किती येळ लागतोय?" काकूंनी विचारलं.

"रोज अर्धा तास."

"आन न्हाई घेतलं तर?"

"मी आईकडं जानार, काकू."

काकू सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर त्यांना दोष देता आला नसता.

"दोन ते अडीच घे," त्या म्हणाल्या. "आयतवार सोडून. आयतवारी अन्याचा नंबर लागायचा जास्त संभव असतोय."

"दुसऱ्या दिशी लागला तर?"

"तर परत लायनीत हुबा ऱ्हाईल. तरना हाय. तुजी आई म्हातारी, ती किती दिस लायनीत हुबी हाय."

युकोनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकू तिला उठवता उठवता स्वतःच रडायला लागल्या.

काकूंनी हो म्हटल्यावर गल्लीत कुणी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अखेर माझ्या जोगं काम मिळालं. मी गल्लीतल्यांच्या पाहुण्यांना पोस्टकार्डं लिहिली. धारवाडला, मुंबईला, पाटणला, आणि अनिलला सरहद्दीवर. दुपारी दोन ते अडीच फोन करू नये, युकोच्या आईची वेळ आहे.

त्या दुपारी दोन वाजता आमच्या सोप्यात सात बायका बसल्या होत्या. किरकिर, शिट्ट्या झाल्या आणि पत्र उमटलं.

"काय म्हनती?" काकूंनी विचारलं.

"भात खाल्ला. गुडगा दुकतोय. आज ऊन पडलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन्याबी एवढंच सांगतोय," काकू म्हणाल्या आणि सुखावून भिंतीला टेकल्या.

चार दिवस आणखी राहून मी पुण्याला परतले. परक्या देशात नवं बिऱ्हाड मांडताना कुठलं इंटरनेट घ्यावं, याचा सल्ला आता कुणी विचारला तर मी आधी शेजार कसा आहे ते विचारीन. घरी पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. सुखरूप पोचल्याचं कळवायला उंब्रजला फोन लावला, तर लाइन बिझी. रिसीव्हर ठेवला आणि जेवून घेतलं.

अडीच वाजता पुन्हा लावला. शिंदेकाकूंनी उचलला.

"कुसुम व्हय? आगं, तिनं डाक्टरला दावला गुडगा. सूज उतरलीया."

मी पोचले का, प्रवास कसा झाला, हे त्यांनी विचारलंच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मीही आधी गुडघ्याचंच विचारणार होते.