आधी खोड, मग गुण

मोटार पाहायला गेला की हारुन मिस्त्री तिचा रंग बघत नसे, दिवे बघत नसे. आधी बॉनेटवर तळवा ठेवायचा. ऊब लागली की मुकाट्याने बाजूच्या दगडावर बसायचा आणि बिडी पेटवायचा. गार झाल्याशिवाय गाडीला हँडल मारायचा नाही, मग मालक कितीही घाई करो.

ही रीत त्याला कोणा साहेबाने शिकवली नव्हती. त्याचा बाप नाशकातल्या भद्रकालीच्या अड्ड्यावरचा टांगेवाला. घोड्यांचे दलाल लंगडं जनावर गिऱ्हाईक यायच्या आधी चांगलं पळवून आणतात, अंग तापलं की लंगडेपणा झाकतो, हे हारुनने दुधाचे दात पडायच्या आधीच पाहिलं होतं. पुढे देवळालीच्या छावणीत मोटारी धुता धुता तो त्या खोलायला शिकला, आणि दुकानांच्या पाट्या, तेलाचे डबे, पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं. शाळेचं तोंड पाहिलं नाही याचा त्याला कमीपणा वाटत नव्हता. उलट एखादा वकील मोटारीबद्दल चुकीचं बोलला की त्याला चारचौघांत दुरुस्त करायचा आणि वर हसायचा.

अशा माणसाला मेनरोडवरच्या एका साप्ताहिकाने ‘मोटारींची पारख’ नावाचं सदर दिलं, ते १९३५ साली. मुंबईच्या इंग्रजी पत्रांत साहेबलोक गाड्यांवर लिहीत. गाडी एजंटची, पेट्रोल एजंटचं, दुपारचं जेवणही एजंटचंच. मग ती गाडी ‘पैशाच्या मानाने उत्तम’ ठरली नाही तरच नवल. हारुनला असा एक लेख कुणीतरी वाचून दाखवला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं होतं, "पैसे कोणाचे, ते लिहिलंय का?" हे संपादकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. संपादक खादी वापरत, सभेत पुढे बसत, मजुरांच्या बाजूने तिखट लिहीत. हारुनचा त्यांच्यावर जीव होता.

बाकी कुणावर नव्हता. घरी गुलजारबी म्हणायची, "तुम्ही भातातसुद्धा आधी खडा शोधता, मग घास घेता." तो म्हणायचा, दात माझे आहेत.

पुढच्या वर्षी एक नवी विलायती गाडी नाशकात आली. तिचं नाव बेल्टन. इतर गाड्यांपेक्षा पाच-सहाशे रुपयांनी स्वस्त. एजंटने चौकाचौकांत कागद चिकटवले, ‘गरिबाची मोटार’. गरीब हा शब्द कुणी रंगीत कागदावर छापला की हारुनच्या कपाळावर आठी पडायची.

पण त्या कागदाने स्टेशनवरचे चार टांगेवाले हलले. त्र्यंबकचे यात्रेकरू आता भाड्याच्या सर्व्हिस मोटारी आगगाडीच्या दारातूनच उचलून नेत, आणि टांग्यांच्या वाट्याला उरत ते चिल्लर भाडेकरी. चौघांनी ठरवलं, घोडे विकायचे, मिळून एक बेल्टन घ्यायची आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर उतरायचं. त्यांच्यातला वडीलधारा खंडेराव हारुनच्या बापाच्या बरोबरीचा. तो मुद्दाम घरी आला आणि म्हणाला, "हारुन, आम्हाला यातलं काय कळत नाय. तू पेपरात लिहिशील तसं करू. घोडा एकदा गेला की परत येत नाय, एवढं ध्यानात ठेव."

हारुनने ते ध्यानात ठेवलं.

गाडी बघायला गेला तर बॉनेट गरम. तो दगडावर बसला. एजंटने गुलाबाचं सरबत आणवलं, हारुनने ते शिवलं नाही; पाणीसुद्धा तो स्वतःच्या बाटलीतून प्यायला. गाडी गार झाली, हँडल मारलं, दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. यात काही खोट सापडली नाही म्हणून त्याला जास्तच संशय आला. टाकीतलं सगळं पेट्रोल काढायला लावून त्याने आपल्या मापाने एक गॅलन ओतलं. मागे तांदळाची दोन पोती टाकली, कारण यात्रेकरू वळकटी आणि तांब्या-पितळेची भांडी घेतल्याशिवाय देवालाही भेटत नाही. शिवाय भद्रकालीतला एक हलवाई आणि त्याचा भाऊ बसवले. दोघे मिळून चार माणसांच्या वजनाचे. एजंट स्वतः पुढे बसला, इस्त्रीच्या पाटलोणीत.

अंजनेरीपर्यंत गाडी गेली, परत फिरली आणि सातपूरच्या अलीकडे पेट्रोल संपून उभी राहिली. हारुनने मैलाचे दगड मोजले, मान हलवली. एका गॅलनला एवढे मैल दुसरी कुठलीही गाडी देत नव्हती, हे त्याला कबूल करावंच लागलं. एजंट मात्र नव्या बुटांनी पेट्रोल आणायला पायी गेला. हलवाई म्हणाला, "मिस्त्री, गाडीची परीक्षा आहे का शेटची?" हारुन हसला नाही. तो तेव्हा गाडीखाली आडवा झाला होता.

तिथे त्याला खोड सापडली. मागच्या स्प्रिंगचे पाटे ओझ्याने सपाट होऊन आसाला टेकले होते, आणि प्रत्येक खड्ड्यात लोखंड लोखंडावर आपटल्याच्या खुणा चकचकत होत्या. एका फेरीत ही दशा, तर सहा महिन्यांत पाटे तुटणार. टायरचं मापही असं की नाशकात एकाही दुकानात मिळेना. मुंबईहून मागवायला आठ दिवस. डॉक्टरची गाडी आठ दिवस उभी राहिली तर डॉक्टर टांग्याने जाईल. टांगेवाल्याची उभी राहिली तर तो कशाने जाईल?

त्याने लेख लिहिला. लिहायची त्याची एक पद्धत होती, तीही घोडेबाजारातलीच. तिथे इमानदार माणूस आधी जनावराचे गुण सांगतो आणि शेवटी खोड. गिऱ्हाईकही पक्कं असतं, खोड ऐकल्याशिवाय जागचं हलत नाही. त्याप्रमाणे हारुनने आधी लिहिलं की गाडी पेट्रोलला हलकी, सुरू व्हायला सोपी, कमी पैशात भरपूर गाडी. मग खाली लिहिलं की हे सगळं शहरात एकट्यादुकट्याने फिरणाऱ्यासाठी. भाड्याने चालवणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये, आणि का जाऊ नये. कागद संपादकांच्या हातात दिला आणि घरी आला.

बुधवारी पेपर आला. हारुनने घडी न मोडता तो ट्रंकेत ठेवला. आपण लिहिलेलं आपण परत काय वाचायचं?

दुपारी वाल्मीक आला. चौघांतला सगळ्यांत तरुण, आणि वाचता येणारा एकटाच. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. बाकीचे तिघे विसार द्यायला एजंटकडे निघालेत, त्याने स्वतः तर सकाळीच बाजारात घोडी देऊन टाकली, हारुनभाईंनी एवढं चांगलं लिहिल्यावर थांबायचं कशाला, असं तो एका दमात सांगत सुटला. हारुनने ट्रंक उघडली. लेख ‘कमी पैशात भरपूर गाडी’ या ओळीवर संपला होता. त्याच्याखाली, पानाच्या अर्ध्या भागात, बेल्टनची जाहिरात होती.

चपला घालायचंही त्याला सुचलं नाही. वाटेत छापखाना लागतो, तिथे तो शिरला. संपादक शांतपणे म्हणाले, "जागा पुरली नाही, मिस्त्री. जागा पुरली नाही की खालूनच कापतात, सगळीकडे." हारुनने जाहिरातीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हिला कशी पुरली? संपादकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. खरंच जागा पुरली नव्हती की जागेची किंमत आली होती, हे हारुनला कधीच कळलं नाही. पण एक गोष्ट त्याला तिथेच कळली. जगातल्या प्रत्येक बॉनेटवर त्याने हात ठेवला होता, खादीवर कधी ठेवून पाहिला नव्हता.

तो एजंटकडे पोचला तेव्हा खंडेराव कनवटीची गाठ सोडत होता. हारुनने धापा टाकत सगळं सांगितलं, पाट्यांचं, टायरचं, कापलेल्या लेखाचं. एजंटला राग आला नाही. त्याने टेबलावरचा पेपर उचलून हारुनच्याच नावावर बोट टेकवलं आणि हे कोणाचं नाव म्हणून विचारलं. टांगेवाले एकदा कागदाकडे बघत, एकदा हारुनच्या अनवाणी पायांकडे.

खंडेराव पुढे झाला. "कागद राहू दे. तुझा घोडा विकून घेतली असतीस का ही?"

"नाही, खंडूमामा," हारुन म्हणाला. "वकील असतो तर घेतली असती."

खंडेरावाने गाठ परत बांधली. त्याच्यामागे बाकीचे दोघेही बाहेर पडले. हारुनच्या मागोमाग आलेला वाल्मीक दारातच उभा होता. पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या हातात होता.

"माझी घोडी तुमच्या छापलेल्या शब्दावर गेली," तो म्हणाला. "आता बोललेला खरा म्हणता. उद्या तिसरा काढाल."

दुसऱ्या दिवशी वाल्मीकला घेऊन हारुन घोडी सोडवायला गेला. पण व्यापारी पहाटेच मनमाडची वाट धरून गेला होता.

सदर हारुनने सोडलं. त्यानंतर तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिही, आणि ते पान स्टेशनच्या टांगा-अड्ड्यावरच्या पत्र्याला खळीने चिकटवी. पहिल्या ओळीत खोड. गुण खाली, जागा उरली तर. चिकटवल्यावर तो तिथेच उभा राही आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत स्वतः वाचून काढी.

वाल्मीक तेव्हा दुसऱ्याचा टांगा भाड्याने हाकत होता. हारुनशी तो बोलत नसे. पण अड्ड्यावर वाचता येणारा तो एकटाच, म्हणून बाकीच्यांनी त्यालाच पुढे ढकललं. त्याने पहिलं पान मोठ्याने वाचलं, अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग नखाने पानाचा कोपरा उचलून मागे काही राहिलंय का, ते नीट वाकून पाहिलं.