दोनशे बारा पावलांचा रस्ता

आमच्या गावातून लासुर्ण्याकडे जाताना डाव्या हाताला बौद्ध वस्ती लागते. वस्तीची स्मशानभूमी आमच्या रानापलीकडे. गावनकाशावर तिथवर आठ फुटी रस्ता आहे. पण आजोबांच्या काळापासून त्यावर आमचा ऊस उभा असे. वस्तीतली तिरडी कालव्याच्या भरावावरून वळसा घालून जायची.

हा रस्ता मागत वस्तीतले तात्या, निवृत्त प्राथमिक शिक्षक, सहा वर्षं दर सोमवारी इंदापूरला तहसील कचेरीसमोर बसले. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत. पोत्यावर बसून सोबतच्यांना ते सातबारा वाचायला शिकवत. एकदा चिडलेल्या पोरांनी आमच्या उसात ट्रॅक्टर घालायची तयारी केली, तेव्हा तात्या चाकापुढे आडवे झाले. एक कांडं मोडलं तरी आपण लढा सोडून घरी बसू, असं त्यांनी बजावलं. ऊस माझा होता, राखला त्यांनी.

माझ्याकडून त्यांना फक्त लेखी संमती हवी होती. मी "नाही" असं कधीच म्हणालो नाही. ऊस तुटला की बघू, एवढंच म्हणायचो. ऊस तुटायचा, महिनाभरात राहिलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटायचा, आणि हिरवे फुटवे दिसल्यावर रान मोडायला माझा हात धजायचा नाही. अशा चार तोडण्या गेल्या. शेवटच्या वेळी ते हसून म्हणाले, "दादा, तुमचा ऊस चारदा तुटला. तुमचा शब्द काय तोडणीला येईना."

मीही हसलो, त्यांना चहा पाजला. विहिरीतल्या पाण्याची पातळी दर महिन्याला वहीत लिहिणारा मी, पण तेव्हा कागद काढला नाही.

तात्या माघात गेले. ऊसतोड नुकतीच झाली होती, रान मोकळं होतं. मी बांधावर उभा राहिलो आणि तिरडी सरळ रानातून न्या म्हणालो. मला वाटलं, मी मोठंच काही देतोय. तात्यांचा मुलगा थांबला.

"न्हाय दादा. हक्काचा कागद झाल्याबिगर ह्या रानात पाय ठेवायचा न्हाय, असं तात्या सांगून गेल्यात. आज तुमी सोडाल. उद्या कुणी गेलं तर आमी परत इचारायला यायचं का?"

मी सगळ्यांच्या मागून भरावावरून चालत गेलो. मोजायची सवय तिथंही सुटली नाही. एक हजार सहाशे चाळीस पावलं. खांदे अकरा वेळा बदलले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन संमती दिली. पुढे मोजणी झाली, खुंट्या ठोकल्या, रस्ता झाला. त्यावरून पहिली तिरडी गेली ती तात्यांच्या पत्नीची. दोनशे बारा पावलं, खांदा एकदाच बदलला.

संमती सात ओळींची होती. लिहायला मला पाव तास लागला होता.