शेवटच्या शहरापासून

“फेरी झाली का?”

माझं बोट माउसवर टेकलेलं असायचं आणि नेमका त्याच वेळी पाठीमागून हा प्रश्न यायचा. सोबत उजव्या हाताची तर्जनी, थेट माझ्या डोळ्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये. ती बाजूला होईपर्यंत पुढे काही करायची सोय नसे. मी चिडायचो. संगणक माझा, खेळ माझा, क्लाससुद्धा माझा, आणि नळयोजनेवरून निवृत्त झालेला एक म्हातारा मला थांबवणार!

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. जालना जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात ते उभी हयात वॉलमन होते. म्हणजे गल्लोगल्लीच्या नळांना पाणी सोडणारा माणूस. तुमच्याही गावात असा एक असेलच. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधलेली, आणि तो वळणावर दिसला की बाया हातातली भाकरी तव्यावर टाकून घागरी उचलतात.

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बी-बियाणांच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन मी संगणकाचा क्लास काढला होता. चार संगणक, त्यातला एक कायम आजारी. मामा निवृत्तीचा कसलासा अर्ज टाइप करून घ्यायला आले, तेव्हा क्लासमध्ये चिटपाखरू नव्हतं आणि मी औरंगाबादहून आणलेला एक खेळ खेळत बसलो होतो.

खेळ असा: नकाशावर आपलं एक शहर वसवायचं, मग दुसरं, तिसरं. एक पाळी आपली, एक पाळी शेजारच्या राजांची. त्यांची चाल संगणक खेळतो. आपल्या पाळीत प्रत्येक शहराला काम सांगायचं. कोठार बांधा, शिपाई तयार करा, रस्ता काढा. सगळं सांगून झालं की पाळी संपल्याचं बटण दाबायचं. मी महिनाभर खेळत होतो आणि महिनाभर हरत होतो.

मामांनी अर्ज बाजूला ठेवला. खुर्ची ओढली.

“सर, हे गाव तुम्ही वाळूत कामून वसवलं?”

“मामा, तिथं शेजारी सोन्याची खाण आहे.”

“सोनं पितेत का लोकं?”

ते मला ‘सर’ म्हणायचे, कारण क्लासवर पाटी होती. एकदा ‘सर’ म्हणून झालं की मग बिनदिक्कत रागवायचे. त्यांनी मला डाव मोडायला लावला आणि नव्या डावात पहिलं शहर नदीकाठी वसवायला लावलं. दहा पाळ्यांत ते शहर माझ्या आधीच्या राजधानीहून मोठं झालं. मला आनंद झाला आणि अपमानही वाटला.

तिथून ते रोज यायला लागले. मला शिपाई करायचा सोस. दोन घरांच्या वस्तीतसुद्धा मी शिपाई काढायचो. मामा म्हणायचे, “आधी कोठार भरा. उपाशी शिपाई काय लढून राह्यला?” पुढे मला जगातलं आश्चर्य बांधायची हौस आली. एका चिमुकल्या गावात मी मोठा मनोरा काढायला घेतला. चाळीस पाळ्या ते गाव दुसरं काही करू शकणार नव्हतं. मामांनी कपाळाला हात लावला. “गावात हापशी न्हाई अन् तुम्ही कमान बांधून राह्यले. सर, तुम्ही नगरसेवक व्हा, बिलकुल शोभाल.”

नवं शहर वसवायला माणसं पाठवली की जुन्या शहरातली तेवढी कमी होतात. मी एकामागून एक टोळ्या पाठवायचो आणि मागचं शहर ओस पडायचं. त्यावर मामांचं म्हणणं, “एक पोरगी सासरी धाडली की घराला दम खाऊ द्यावा. लगेच दुसरीचा मांडव कामून?” हे सगळं खेळाच्या पुस्तिकेत इंग्रजीत लिहिलेलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी गाव सांभाळलं होतं.

स्वतः खेळायला मात्र ते लाजायचे. एकदा बळजबरीने बसवलं. माउस असा दाबला की तो टेबलात जातो की काय असं वाटलं. त्यांच्या शहरांत पाणी, धान्य, बाजार, सगळं यथास्थित. शिपाई एकही नाही. शेजारचा राजा आला आणि दोन शहरं घेऊन गेला. मामांनी माउस सोडला. मग म्हणाले, “नेली तर नेली. लोकं बरी ठेव म्हणावं.” गावाभोवती कोट बांधायला तेवढं मी त्यांना शिकवलं. माझ्याकडून त्यांना मिळालेली ही एकच विद्या.

आणि ती फेरी. पाळी संपवण्याआधी एकूण एक शहर उघडून बघायचं, हा त्यांचा नियम. तोही उलटा. मी राजधानीपासून सुरू करायचो. तीन-चार शहरं झाली की कंटाळून बटण दाबायचो. कोपऱ्यातलं शहर तसंच राहायचं. तिथली माणसं नाराज व्हायची, कामं बंद पडायची, आणि मला ते शहर हातचं गेल्यावर कळायचं.

“शेवटाकडून या,” मामा म्हणायचे. “आम्ही पाणी सोडताना आधी मुखाकडचे, टाकीजवळचे वॉल बंद करायचो. शेवटच्या गल्लीत पाणी चढलं की मंग एकेक उघडत मागं यायचो. जवळच्याचं राह्यलं तर तो ओरडतो, आपल्याला ऐकू येतं. लांबचा ओरडला तर कोणाला ऐकू येतंय?”

मी मान डोलावली. खेळात तसं करूही लागलो आणि जिंकूही लागलो. पण खेळात शिकलेलं खुर्ची बदलली की विसरायला होतं.

क्लास काही चालला नाही. पुढच्याच उन्हाळ्यात एका सरकारी कचेरीत मला कंत्राटावर संगणकाचं काम मिळालं. टंचाईचं वर्ष होतं. कोणत्या गावाला कधी टँकर जाणार, त्याची यादी माझ्याकडे आली. मी ती फार सुबक केली. टँकर भरायच्या विहिरीपासून सगळ्यात जवळचं गाव आधी, मग त्यापुढचं, असं करत सगळ्यात शेवटी डोंगराच्या अंगाचा एक तांडा. साहेबांनी सही केली. मी खूश.

पाचव्या दिवशी तांड्यावरच्या दोन बाया चालत कचेरीत आल्या. रिकाम्या घागरी त्यांनी माझ्या टेबलासमोर ठेवल्या. एक म्हणाली, “कागदावर आमचं नाव हाय म्हणतेत. पाणी न्हाई आलं. चार दिस झाले.” झालं होतं असं, की दुपारी दोनला विहिरीवरच्या पंपाची वीज जायची. जवळच्या गावांच्या खेपा होईपर्यंत दोन वाजायचे आणि तांड्याची खेप रोज राहायची. एखादं जवळचं गाव राहिलं असतं तर सरपंच तासाभरात दारात आला असता.

संध्याकाळी मी मामांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “यादीत शेवटी कोण व्हतं?” “तांडा,” मी म्हणालो. मामांनी पायात चपला घातल्या आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसले.

तांड्यावरच्या टाकीत तळाशी वाळलेला गाळ होता. मामांनी वाकून आत बघितलं, मग मला बघायला लावलं. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी फक्त खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चला सर. सकाळी यादी बदलायची हाय.”

सकाळी मी यादी उलटी केली. तांडा पहिला. दुपारपर्यंत जवळच्या गावचे पुढारी कचेरीत जमले. साहेबांनी मला बोलावलं. “कोणी सांगितलं असं करायला?” माझं कंत्राट जून महिन्यापर्यंतचं होतं आणि घरात कमावणारा मी एकटा. तरी तोंडातून निघालं, “मीच केली साहेब. जवळच्यांची एखादी खेप राहिली तर संध्याकाळी वीज आल्यावर करता येते. तांड्यावर अंधारात टँकर चढत नाही.” साहेबांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. “ठीक आहे,” म्हणाले. “पण बोंब झाली तर तुमच्या नावावर.”

बोंब चार दिवस झाली, मग थांबली. मामांना सांगायला गेलो, तर ते हसले. “माझं नाव घेतलं न्हाई ना? म्हणतील, गेम खेळून गावं चालवतेत.” मी त्यांचे आभार मानले नाहीत. तेव्हा ते सुचलंच नाही. आज मला घर आहे, पक्की नोकरी आहे, आणि माझ्या कामाला लोक बरं म्हणतात. ते बरं म्हणणं निम्म्याहून जास्त मामांचं आहे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी कचेरीत निरोप आला, मामा गेले, बारा वाजता माती आहे. समोर पुढच्या आठवड्याची यादी अर्धी होती आणि टँकरवाले बाहेर थांबले होते. उठलो असतो तर दुसऱ्या कोणीतरी ती आपल्या सोयीने पुरी केली असती. मी उठलो नाही. यादी पुरी केली, छापली, सही घेतली, टँकरवाल्यांच्या हातात दिली आणि मग निघालो. मसणवट्याच्या रस्त्यावर लोक परत येताना भेटले.

मामी ओट्यावर बसल्या होत्या, चारसहा बाया भोवती. मी खाली मान घालून उभा राहिलो.

“मामी, मला उशीर झाला.”

“कामून?”

“टँकरची यादी होती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ह्यांनी बी माझ्या आईच्या मातीला असाच उशीर केल्ता. खालच्या गल्लीची पाण्याची पाळी व्हती म्हणे. दोन महिने बोलले न्हाई मी त्यांच्याशी.” पदराने त्यांनी डोळे पुसले. “पोचलं का पाणी?”

“पोचलं.”

“मंग बसा,” त्या म्हणाल्या, आणि ओट्यावर जरा सरकून त्यांनी मला जागा केली.