सासूबाईंच्या पिक्चरचा शेवट

सासूबाईंचं माहेर धारवाडचं. पुण्यात सगळा संसार मराठीत केला, पण आठवण विरत चालली तशी जीभ अधूनमधून कानडीकडे वळू लागली. दुबईत अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये कानडी कुणालाच येत नाही, म्हणून मी त्यांना टीव्हीवर एक जुना कन्नड पिक्चर लावून देऊ लागले. धाकटा मुलगा रुसून घर सोडतो, आई वाट बघते, शेवटी तो येतो. भाषा कळली नाही तरी रडारड कळते.

माझे धाकटे दीर इथून दीड तासावर अल ऐनला नोकरीला होते. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. माझ्या नवऱ्याने आईंना सांगितलं, तेव्हा त्या दिवसभर रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "धाकटा का येत नाही रे?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. हे म्हणाले, "खलास. आता मला नाही सांगवत." तेव्हापासून भावजींना सुट्टी मिळत नाही, हे आमचं ठरलेलं उत्तर. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. यांना तेही जमत नाही, बोलताना स्वतःच्या पायमोज्यांकडे बघतात.

ऑफिसातल्या बंगाली मैत्रिणीला पिक्चरची गोष्ट सांगितली तर ती हसलीच. मूळ कादंबरी त्यांच्याकडची. "नॉवेल में तो वो लौटता ही नहीं," म्हणाली. मला तिचा रागच आला. कानडी लोकांनी शेवट बदलला तेच बरं केलं.

गेल्या शनिवारी मी सासूबाईंजवळ लसूण सोलत बसले होते. पडद्यावर मुलगा दारात आला, आईने त्याला पोटाशी धरलं. सासूबाई एकदम मराठीत बोलल्या, "हिचा आला. आपला गेला तो गेलाच."

माझा हात थांबला. "आई, तुम्हाला आठवतंय?"

"कधी आठवतं, कधी नाही. आठवलं तरी मी विचारतेच. नाही विचारलं तर मला कळलंय हे थोरल्याला समजेल, आणि माझ्यासमोर रडेल तो. त्याला सांगू नकोस हं."

संध्याकाळी हे आले. बूट काढायच्या आत प्रश्न आला, "धाकटा कधी येणार रे?"

"येईल आई. सुट्टीचं बघतोय तो."

"बरं," त्या म्हणाल्या. या वेळी आठवत होतं की नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. घरात मोठी माणसं तीन, आणि एकमेकांदेखत रडायची सोय एकालाही नाही.